कौलारू घराची पन्हळ: आधी पाण्याचा शेवट ठरवा

आमच्या राजापूरकडच्या घराला पूर्वी एकाच ठिकाणी पन्हळ होती, पुढच्या पायऱ्यांवर. बाकी तिन्ही बाजूंच्या पागोळ्या मोकळ्या पडायच्या आणि जोत्यापासून दीड-दोन हात लांब मांडलेल्या जांभ्याच्या चिऱ्यांवरून वाहत परसात जायच्या. घर आमच्याकडे आलं त्याच वर्षी मे महिन्यात मी हौसेने चारी बाजूंना पन्हळ लावून घेतली. पाईप दोनच घेतले आणि ते दिसायला नकोत म्हणून दोन्ही मागच्या एकाच कोपऱ्यात उतरवले. जुलैत शेजारच्या काकूंचा फोन आला, "मागची भिंत फुगली आहे, येऊन बघून जा." अख्ख्या छपराचं पाणी महिनाभर त्या कोपऱ्यात ओतत होतं. जोत्याच्या कडेची माती धुपून चिरे उघडे पडले होते. आमचे सुतारकाका हातातली काठी त्या खड्ड्यात घालून बघत म्हणाले, "बाय, पाणी उचललंस खरं, पण ठेवलंस कुठं?"

पन्हळ पाणी अडवत नाही. पसरून पडणारं पाणी ती एका जागी आणून सोडते, बस. म्हणून कोकणातल्या किंवा गोव्यातल्या कौलारू घराची जबाबदारी नव्याने अंगावर आली असेल, तर वर बघायच्या आधी खाली बघा. पाणी शेवटी कुठे जाणार हे ठरलं की पाईप कुठे उतरवायचा ते ठरतं, त्यावरून पन्हळीचा उतार ठरतो आणि पत्रा किंवा पीव्हीसी हा प्रश्न त्यानंतर येतो. बहुतेक लोक नेमके उलट्या टोकाने सुरुवात करतात. मीही केली होती.

पन्हळ हवी तरी का?

जुन्या घरांना चारी बाजूंनी पन्हळ नसायची, याला कंजूषपणा हे कारण नव्हतं. वळचण चांगली बाहेर आलेली असेल, जोतं चिरेबंदी आणि उंच असेल आणि पागोळ्या पडतात तिथे चिरे किंवा खडी असेल, तर पागोळ्या मोकळ्या पडलेल्याच बऱ्या. सव्वाशे ठिकाणी थोडंथोडं पडणारं पाणी कुठेच फार नुकसान करत नाही.

पन्हळ खरोखर लागते ती पुढच्या दाराच्या पायऱ्यांवर. वळचण आखूड आहे आणि पागोळ्यांचे शिंतोडे मातीच्या भिंतीवर किंवा जोत्यावर उडतात तिथे. दोन छपरं एकमेकांकडे उतरतात त्या खोबणीत. वरच्या छपराचं पाणी पडवीच्या खालच्या कौलांवर धो धो पडतं तिथे. आणि शेजाऱ्याची हद्द अगदी लागून असेल तिथे. गावाकडची अर्धी भांडणं हद्दीची असतात आणि त्यातली बरीचशी पागोळ्यांची.

घर वर्षातले दहा महिने बंद असेल, तर आणखी हात आखडता घ्या. तुंबलेली पन्हळ ही नसलेल्या पन्हळीपेक्षा वाईट. तिच्यातलं पाणी मागच्या अंगाने उलटून थेट वाशांच्या टोकांवर येतं, लाकूड भिजत राहतं आणि पावसाळा संपला की वाळवीला पंगत मांडलेली असते. साफ करायला कुणी नसेल, तर पायऱ्यांपुरती पन्हळ ठेवा आणि बाकीचे पैसे चिऱ्यांच्या पट्टीवर घाला.

पाणी किती येतं?

हा हिशेब बोटांवर होण्यासारखा आहे. १ मिलिमीटर पाऊस पडला की दर चौरस मीटर छपरामागे १ लिटर पाणी होतं. छपराचं क्षेत्र वरून बघितल्यासारखं सपाट मोजायचं, उतारावरून टेप लावायची नाही. आमच्या पुढच्या बाजूची लांबी ३० फूट आणि आढ्यापासून वळचणीपर्यंतचं सपाट अंतर १५ फूट. म्हणजे ४५० चौरस फूट, साधारण ४२ चौरस मीटर. कोकणात तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने सर येणं काही नवलाचं नाही. ती सर चालू असेपर्यंत या एका बाजूवरून मिनिटाला ७० लिटर पाणी उतरतं, म्हणजे घरातल्या १५ लिटरच्या जवळजवळ पाच बालद्या. दक्षिण कोकणात हंगामात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस धरला, तर या एका बाजूचं पाणी सव्वा लाख लिटर होतं. सुतारकाकांचा प्रश्न या सव्वा लाखाबद्दल होता.

अशा सरीत ४ इंची पाईप साधारण ४० चौरस मीटर छपराला पुरतो. आमच्या पुढच्या बाजूला एक पाईप म्हणजे अगदी काठावर. म्हणून आता मध्यभागी पन्हळ उंच ठेवली आहे आणि दोन्ही टोकांना एकेक पाईप आहे. ३ इंची पाईप स्वस्त आणि सुबक दिसतो, पण फणसाचं एक पान आणि आंब्याच्या दोन काटक्या त्यात अडकल्या की खेळ संपला. इथे काटकसर नको.

आणि कितीही मोठी पन्हळ लावली तरी एखादा दिवस तिला भारी पडणारच. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. असल्या दिवसासाठी पन्हळ बांधत नसतात. पण ती भरून वाहिली तर पाणी कुठल्या बाजूने सांडेल हे आपल्या हातात असतं. पन्हळीची बाहेरची कड भिंतीकडच्या कडेपेक्षा किमान अर्धा इंच खाली हवी. मग जादा पाणी अंगणात पडतं, वाशांवर येत नाही. पत्रेवाल्याला हे आधी सांगावं लागतं, कारण दोन्ही कडा सारख्या वाकवणं त्याला सोपं जातं.

शिडीवर चढण्याआधी

कोकणातली वळचण बहुधा सात-आठ फुटांवर असते, त्यामुळे चार पायांचा घोडा पुरतो आणि तोच बरा. भिंतीला टेकवायची शिडी लागलीच, तर उंचीच्या चौथा हिस्सा पाय बाहेर ठेवा: ८ फुटांवर टेकली तर पाय भिंतीपासून २ फुटांवर. शिडी पन्हळीला कधीही टेकवू नका. पन्हळ वाकते आणि शिडी बाजूला घसरते. खाली धरायला एक माणूस हवाच, आणि तो मोबाईलमध्ये डोकं घातलेला नको.

विजेच्या खांबावरून घरात येणारी वायर बऱ्याच घरांत वळचणीजवळूनच आत शिरते. तिचं प्लास्टिक उन्हाने तडकलेलं असू शकतं. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची शिडी आणि १० फुटी पत्र्याची पट्टी हातात घेऊन तिथे वावरायचं नाही. मेन स्विच बंद केल्याने खांबाकडून येणारी वायर बंद होत नाही, हेही लक्षात असू द्या. त्या टोकाचं काम असेल तर महावितरणच्या वायरमनला आधी बोलवा.

हात घालण्यापूर्वी काठीने ढवळून बघा. पानांच्या थरात विंचू असतो आणि वळचणीखाली गांधीलमाश्यांचं पोळं. कौलांवर चढायची वेळ नवख्यावर येऊ नये. आलीच, तर रिपेवर (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्टीवर) टेकलेल्या भागावर पाय द्यायचा, कौलाच्या मध्यावर नाही. शेवाळ आलेल्या कौलांवर मात्र अजिबात नाही, मग तुमचे बूट कितीही महाग असोत.

साफसफाई: शिमगा, मे आणि गणपती

चाकरमान्यांच्या सुट्ट्या पन्हळीच्या वेळापत्रकाशी बऱ्या जुळतात. शिमग्याला आलात की फक्त तपासणी करा आणि काय काय लागेल ते लिहून ठेवा. पत्रेवाला आणि सुतार एप्रिलनंतर हाती लागत नाहीत, म्हणून त्यांना तेव्हाच सांगून ठेवायचं. दुरुस्ती आणि बदल मे महिन्यात. पावसाआधीची सफाई मात्र मेच्या अखेरीस, मृग लागायच्या थोडी आधी, कारण मेभर वाऱ्याने पानं पडतच असतात. गणपतीत एकदा, आणि हत्तीचा पाऊस ओसरला की शेवटची. झाडं छपरावर आलेली असतील तर जून-जुलैत दर पंधरवड्याला कुणीतरी बघायलाच हवं. आमच्या शेजारच्या काकू हे काम करतात. त्यांना आम्ही हापूसची पेटी देतो, आणि हा व्यवहार आमच्याच फायद्याचा आहे.

सफाईला खास हत्यार लागत नाही. तेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन तिरका कापला की पन्हळीत नीट बसणारं फावडं तयार होतं. खुरपं किंवा लोखंडी थापी वापरू नका. पत्र्यावरचा जस्ताचा थर एकदा खरवडला गेला की गंज तिथूनच सुरू होतो. पाईपच्या तोंडापासून सुरुवात करून उंच टोकाकडे जायचं आणि कचरा बालदीत भरून दोरीने खाली सोडायचा. पाण्याने ढकलत नेलात तर सगळा गाळ पाईपमध्ये जाऊन बसतो. पाईप तुंबलाच असेल तर वरून बांबू कोंबू नका, गोळा आणखी घट्ट होतो. खालच्या बाजूने नळी घालून पाणी सोडा, किंवा खालचा कोपर (वळणाचा जोड) काढून गाळ बाहेर ओढा.

गाळ निघाल्यावर पन्हळीत पाणी साचून राहतं का ते बघा. पावसाने आठवडाभर उघडीप दिली की अशा डबक्यात डेंग्यूचे डास होतात. अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि वळचणीवर डोकावून बघायला कुणी जात नाही.

पानं अडवायची जाळी लावावी का, असं नेहमी विचारतात. पाईपच्या तोंडावर तारेची घुमटासारखी फुगीर जाळी जरूर लावा. सपाट जाळी नको, तिच्यावर एकच पान आडवं पडलं की झाकण बसल्यासारखं होतं. अख्ख्या पन्हळीवर जाळी घालणं मला पटलेलं नाही. पानं वर साचतात, आत बारीक माती साचते आणि साफ करायला आधी जाळी सोडवत बसावं लागतं. नारळाच्या झाडाखाली तर झावळी पडली की जाळीसकट पन्हळ खाली. तिथे आधी झावळ्या उतरवून घ्या.

गळतंय कुठून?

पन्हळ साफ झाली की उंच टोकाला दोन बालद्या पाणी सावकाश ओता आणि खाली उभं राहून बघा. वळीव पडला तर उत्तमच. पडवीत चहा घेऊन बसा, सगळं आपोआप कळतं.

सांध्यातून थेंब थेंब गळत असेल तर तो सीलंटचा, म्हणजे सांधा बुजवणाऱ्या लेपाचा प्रश्न आहे. मधेच कडेवरून सांडत असेल तर तिथे पन्हळ खाली बसली आहे. बहुतेक वेळा एखादा आकडा (पन्हळ पेलणारी वाकवलेली लोखंडी पट्टी) सुटलेला किंवा वाकलेला सापडतो. भिंतीच्या वरच्या भागात ओल दिसत असेल तर पाणी पन्हळीच्या मागून जातंय, म्हणजे कौलाची कड पन्हळीत पुरेशी आलेली नाही. कौलाचं टोक पन्हळीच्या आत दोनेक इंच यायला हवं. आणि जोराच्या सरीत पाणी पन्हळ ओलांडून पुढे उडी मारत असेल, तर पन्हळ अरुंद आहे किंवा फार खाली लटकते आहे. पत्र्याच्या छपरावर हे जास्त दिसतं, कारण गुळगुळीत पत्र्यावरून पाणी वेगाने येतं. तिथे ८ इंच रुंदी लागते.

जुन्या पत्र्याच्या पन्हळीची खरी परीक्षा स्क्रूड्रायव्हरची. गंजलेल्या जागी टोक दाबून बघा. रंग उडाला आणि खाली टणक पत्रा लागला, तर तारेच्या ब्रशने गंज काढा, रेडऑक्साइडचा हात द्या आणि वरून ऑइलपेंट. एखाद्या ठिकाणी आरपार गेलं तर ठिगळ चालतं: भोकाच्या चारी बाजूंना दोन-दोन इंच जास्त असा जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पत्र्याचाच तुकडा, खाली सीलंट, वर रिव्हेट. इथे अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा लावू नका. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना लागले की त्यातला एक झिजत जातो. एम-सीलसारखी पुट्टी भर पावसात अडचण भागवते, पण पत्रा उन्हात ताणला-आखडला की ती सुटते, तेव्हा तिला मेपर्यंतचा पाहुणा समजा. चार-पाच ठिकाणी स्क्रूड्रायव्हर आरपार गेला तर ठिगळं लावत बसू नका. बदला.

सीलंट घेताना एक खबरदारी. दुकानात मिळणाऱ्या स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. त्यातलं आम्ल जस्ताचा थर खातं. जीआय पत्र्यासाठी ‘न्यूट्रल’ लिहिलेलं सिलिकॉन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट मागा. पूर्वी सांध्यांना डाग (सोल्डर) द्यायचे आणि तो सांधा पक्का असायचा, पण ते काम करणारी माणसं आता कमी झाली आहेत.

बदलायची तर कशाची?

पोफळीचं खोड उभं चिरून आतला गाभा काढला की झाली पन्हळ. न्हाणीघराकडे किंवा गोठ्यावर अजूनही लावतात. दोनेक पावसाळे जाते, पैसा लागत नाही, आणि तुटली तर वाईटही वाटत नाही.

६ इंची पीव्हीसी पाईप उभा कापून केलेली पन्हळ गावोगाव दिसते. ती चालते, पण पाईप चिरला की त्याच्या कडा आत वळतात. दर दोन-अडीच फुटांवर आडवी पट्टी देऊन तोंड उघडं ठेवावं लागतं. तयार यूपीव्हीसीची पन्हळ जास्त नेटकी येते, गंजत नाही आणि समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत तिला तोड नाही. मात्र प्लास्टिक उन्हाने वाढतं. ३० फुटांच्या पन्हळीत थंडी आणि उन्हाळा यांच्यात पाऊण इंचाच्या आसपास फरक पडतो. म्हणून तिच्या रबरी सांध्यांत सोल्युशन ओतून ते पक्के करायचे नाहीत. आतल्या खुणेपर्यंतच तुकडा सरकवायचा आणि ताणायला जागा सोडायची. पहिल्याच उन्हाळ्यात तडकलेल्या पन्हळी बहुधा अशा जास्तीच्या पक्केपणाने तडकलेल्या असतात.

समुद्रापासून आत असाल तर मी अजूनही जीआय पत्रा घेईन. गावातला पत्रेवाला तो वाकवू शकतो, माकडांच्या उड्या सोसतो आणि दुरुस्त होतो. २२ किंवा २४ गेज घ्या. गेजचा आकडा लहान तितका पत्रा जाड, नवखे नेमके इथे फसतात. ४ फूट रुंदीच्या पत्र्यातून १६ इंचाच्या तीन पट्ट्या निघतात आणि काही वाया जात नाही: मागची बाजू ५ इंच, तळ ६, पुढची बाजू साडेचार आणि अर्धा इंच दुमड. त्या दुमडीने कडेला ताठपणा येतो, हातही कापत नाही, आणि बाहेरची कड खाली ठेवायची अटही पाळली जाते. पत्रा कात्रीने कापायला सांगा. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी जस्त जळतं आणि उडालेला लोखंडी कीस चिकटून बसतो. पहिल्याच पावसात तिथे तांबडे ठिपके दिसतात.

बसवणी

जुनी पन्हळ उतरवली की घाई करू नका. हीच वेळ वाशांची टोकं बघायची असते. चाकूचं टोक खुपसून बघा. लोण्यासारखं आत गेलं तर तो वासा किंवा त्यावरची आडवी फळी आधी बदलायची. कुजलेल्या लाकडात मारलेला स्क्रू पाण्याने भरलेली पन्हळ पेलत नाही. आमच्याकडे तीन वासे निघाले. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात, पण पन्हळ लावायची तर मोजावेच लागतात, कारण आकडे वाशांवर किंवा चांगल्या फळीवर दर २ फुटांना यायला हवेत. आकड्यांना १ इंच रुंद, ५ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी पुरते. बसवण्याआधी त्यांना रंगाचे दोन हात द्या, नंतर मागच्या बाजूला ब्रश पोचत नाही.

आता उतार. १० फुटांना १ इंच, म्हणजे ८ सूत. आमच्या ३० फुटी बाजूला मधून दोन्हीकडे १५-१५ फूट उतार, म्हणून मधला आकडा टोकांपेक्षा १२ सूत वर. नवख्या माणसाची सगळ्यात मोठी चूक इथे होते: तो कौलांच्या कडेवरून माप घेतो. जुन्या घराची वळचण सरळ नसतेच, कुठे दोन इंच बसलेली असते, कुठे उचललेली. गवंड्याकडून पारदर्शक लेव्हल पाईप आणा. त्यात पाणी भरा, बुडबुडे घालवा, एक टोक मध्यभागी धरा आणि दुसरं कोपऱ्यात. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला थांबतं, तिथे खुणा करा. कोपऱ्यातल्या खुणेपासून १२ सूत खाली दुसरी खूण. मधला आणि कोपऱ्यातला आकडा आधी बसवायचा, त्यांच्यामध्ये दोरी ताणायची आणि उरलेले आकडे दोरीला लावत जायचे. अंगणातून बघताना पन्हळ तिरकी वाटली तर लोक बोलतील. बोलू द्या, तिरकी वळचण आहे.

पट्ट्या जोडताना वरच्या अंगाची पट्टी आत, खालच्या अंगाची तिच्याखाली, कौलं एकमेकांवर चढतात तशी. चढण ६ इंच. दोन्हींच्या मध्ये सीलंटच्या दोन रेघा, मग रिव्हेटच्या दोन रांगा, एकमेकींच्या फटीत येतील अशा. सांधा आकड्याच्या जवळ यावा, अधांतरी नको. टोकाची झाकणं आणि पाईपचं तोंड जमिनीवरच बसवून घ्या. शिडीवर उभं राहून ते काम कधीच नीट होत नाही. पन्हळ वर चढवली की प्रत्येक आकड्याला एक रिव्हेट किंवा तार, नाहीतर जूनच्या वाऱ्यात ती उचलली जाते. सीलंट सुकायला पूर्ण दिवस द्या आणि मग बालद्यांची परीक्षा. चाचणीनंतर तळाला कुठे दोन सुतांपेक्षा जास्त पाणी उभं राहिलं, तर जवळचा आकडा थोडा वर वाकवा.

काम एकट्याने होईल असं वाटतं, पण १० फुटी पट्टी वर चढवायला दोन माणसं लागतातच. छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर त्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ते कोरडं घासू नका, त्याला भोकं पाडू नका. आकडे लाकडावरच घ्या.

खाली, जिथे सगळं ठरतं

पाईपच्या पायथ्याशी पाणी जोत्यापासून किमान ४-५ फूट दूर गेलं पाहिजे. उताराला तोंड करून कोपर, खाली जांभ्याचा रुंद चिरा किंवा सिमेंटची उथळ नाली, आणि ती नाली परसातल्या माडापोफळींकडे किंवा गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) बाहेरच्या वहाळाकडे. चिरा सैल मातीवर नुसता ठेवला तर महिन्यात कलतो आणि पाणी उलटं जोत्याकडे येतं, म्हणून खाली खडी ठोकून घ्या. शौचालयाच्या टाकीत हे पाणी सोडू नका. एका सरीत ती भरून वर येते. शेजाऱ्याच्या कुंपणाकडेही नको, ते का हे वर आलंच आहे.

विहिरीत किंवा टाकीत पाणी घ्यायचं असेल तर पहिलं पाणी सोडून द्यायचं. उन्हाळाभराची धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यातच असते. पावसाचे पहिले दोनेक मिलिमीटर म्हणजे आमच्या ४२ चौरस मीटरमागे ८०-९० लिटर. त्यासाठी पाईपला एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि खाली झडप ठेवा. झडप उघडी ठेवून पहिलं पाणी अंगणात जाऊ द्यायचं, मग बंद करायची. पुढे वाळू-खडीची गाळण हवीच. आणि असं पाणी घेणार असाल तर पन्हळीला आतून डांबर लावू नका. एरवी जुन्या पत्र्याचं आयुष्य वाढवायला डांबराचा हात स्वस्तात काम करतो.

मागच्या कोपऱ्यात आता आमच्याकडे पन्हळच नाही. तिथे पुन्हा चिऱ्यांची पट्टी घातली आहे आणि पागोळ्या मोकळ्या पडतात. उरलेली १६ इंची पट्टी, मूठभर रिव्हेट आणि सीलंटची नळी माळ्यावर ठेवली आहे. नळी एकदा फोडली की पुढच्या मेपर्यंत सुकून दगड होते, म्हणून ती न फोडलेली ठेवा, आणि वर तारीख लिहून.